महान की महत्त्वाची? मोटारसायकलींच्या श्रेष्ठतेचा पुणेरी निकष

जगातली सर्वश्रेष्ठ मोटारसायकल कोणती, या वादाला आता अभिजात ग्रंथांच्या यादीवरून होणाऱ्या वादासारखीच ठरीव चाल आली आहे. काही नावे त्यात असतातच : 1948 ची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो, 1959 ची ट्रायम्फ बॉनव्हिल, 1969 ची चार सिलिंडरची होंडा सीबी 750. यादी भारतीय असेल तर बुलेट, जावा-येझदी, राजदूत 350 आणि यामाहा आरएक्स 100. 1998 साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने शंभरहून अधिक मोटारसायकली आपल्या दालनांत मांडल्या, तेव्हा या यादीला कलेतिहासाची प्रतिष्ठाही मिळाली. मात्र या वादात दोन निराळे प्रश्न एकाच विशेषणाखाली दडपले जातात. यंत्र म्हणून श्रेष्ठ कोणती, हा एक. आणि माणसांच्या जगण्यात फरक कोणत्या गाडीने पाडला, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे किती वेगळी निघू शकतात, हे तपासायला पुण्याइतके सोयीचे शहर नाही.

पहिल्या प्रश्नाची उत्तरे बहुधा वेगाच्या आणि विक्रमाच्या भाषेत दिली जातात. 1948 मध्ये रोली फ्री पोहण्याच्या चड्डीत व्हिन्सेंटवर आडवा झाला आणि बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने ताशी दीडशे मैलांचा टप्पा ओलांडला. पराक्रम खराच, पण हा पराक्रम झाला नसता तर दूधवाल्याचे, शिक्षिकेचे, पोस्टमनचे काय अडले असते? दुसऱ्या प्रश्नासाठी मला हाच निकष योग्य वाटतो : ती गाडी नसती, तर कोणाचे काय अडले असते? 1958 ची होंडा सुपर कब या कसोटीवर सहज उतरते. 2017 पर्यंत तिची दहा कोटींहून अधिक उत्पादित संख्या झाली होती. तरीही रसिकांच्या याद्यांत ती मानकरी म्हणून क्वचितच येते. बहुतेक वेळा सन्माननीय अपवाद म्हणून येते.

पुण्याचे दावेदार तीन. पहिली चेतक. पियाजिओशी असलेला बजाजचा करार 1971 मध्ये संपला आणि 1972 पासून आकुर्डीतून व्हेस्पाच्याच घडणीची, पण राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारी स्कूटर बाहेर पडू लागली. पुढे हँडलला अडकवलेली पिशवी, उभे राहिलेले मूल, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई : मध्यमवर्गाचे हे कुटुंबचित्र चेतकने घडवले. पण इथे टीकाकाराने सावध राहायला हवे. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत, ते तिच्या गुणांमुळे की परवाना-राज्यात दुसरे काही मिळतच नव्हते म्हणून? परकीय चलन भरणाऱ्याला ती लवकर मिळे, ही गोष्ट बरेच सांगून जाते. इंजिन सुरू होईना की स्कूटर एका बाजूला कलती करायची, हा त्या काळचा रोजचा विधी होता. आज त्याच्या आठवणी जिव्हाळ्याने सांगितल्या जातात. टंचाईलाच प्रेम समजण्याची ही जुनी खोड आहे. पर्याय मिळताच गिऱ्हाईक मोटारसायकलीकडे वळले आणि 2009 मध्ये बजाजने स्कूटरच थांबवली. बॅटरीवरची चेतक त्यानंतर दशकभराने आली. तिच्याकडे जुन्या गाडीचे नाव आहे, जुनी मक्तेदारी नाही.

दुसरी दावेदार पल्सर. नोव्हेंबर 2001 मध्ये ती 150 आणि 180 सीसीत आली. तिच्याआधी 1999 मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली होती, त्यामुळे 'पहिली' हा मान तिला देता येत नाही. तिचे महत्त्व निराळे आहे. परदेशी कंपनीच्या नावावर आणि आराखड्यावर विसंबण्याची इथल्या कारखानदारीची सवय तिने मोडली. रूपरेखेला बाहेरच्यांचा हातभार होता आणि 2003 मध्ये आलेल्या दोन प्लगच्या रचनेमागची कल्पनाही जगाला नवी नव्हती. पण त्या रचनेच्या पेटंटवरून टीव्हीएसशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, यावरून इथल्या अभियंत्यांचे काम आता भांडण्याइतके मोलाचे झाले होते, हे दिसते. पुढे केटीएमच्या ड्यूक चाकणला बनू लागल्या आणि 2023 मध्ये ट्रायम्फ स्पीड 400 ही तिथूनच बाहेर पडली. जिची बॉनव्हिल प्रत्येक यादीत असते, त्या इंग्रज कंपनीच्या नावाची गाडी चाकणला तयार होते, ही वाट पल्सरने पाडली. बजाजचीच साधी बॉक्सर आफ्रिकेतल्या शहरांत भाड्याने माणसे वाहते. गैरहजेरीची कसोटी तिथे लावली तर पल्सरही मागे पडेल.

तिसरी दावेदार लूना. रसिकांची हरकत इथे येते : ती मोटारसायकलच नव्हे! गिअर नाही, गुडघ्यांत धरायची टाकी नाही, वर सायकलसारखी पॅडले. 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पियाजिओच्याच सियाओ मोपेडच्या नमुन्यावर आणलेली ही पन्नास सीसीची गाडी. पण व्याख्येची ही कुंपणे निरुपद्रवी नाहीत. टाकीवरून पाय टाकून बसायचे म्हटले की साडी नेसणारी बाई आपोआप व्याख्येबाहेर जाते; तिने चालवलेली गाडी मग 'खरी' उरत नाही. लूनाची पुढची मोकळी जागा ही म्हणूनच यंत्रशास्त्राइतकीच समाजशास्त्राचीही बाब आहे. बाई मागे बसणारी न राहता चालवणारी झाली, ती या रचनेमुळे. 1984 मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने बटणावर सुरू होण्याची आणि गिअर न बदलण्याची सोय देऊन हे काम पुढे नेले. पुण्याच्या रस्त्यांवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून एकटीने जाणारी मुलगी हे त्याचेच फलित. आणि मोटर वाहन कायद्याने सोळाव्या वर्षी बिनगिअरची पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवण्याची मुभा दिल्याने क्लासला जाणाऱ्या मुलामुलींचेही वडिलांवरचे अवलंबन सुटले.

भाषेनेही आपला कौल दिलेला आहे. मुंबईकर 'गाडी पकडतो' म्हणतो तेव्हा ती लोकल असते. पुणेकर 'गाडी काढतो' तेव्हा ती दुचाकी असते, मग ती लूना असो वा बुलेट. रसिकांनी आखलेली सीमा रोजच्या बोलण्यात अस्तित्वातच नाही.

महत्त्व म्हणजे निव्वळ पुण्य नव्हे, हेही इथेच नोंदवायला हवे. सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे शहर दुचाकींचे झाले. प्रत्येकाने आपापली सोय पाहिल्यावर बस सुधारावी हा आग्रह धरणारा मध्यमवर्ग उरला नाही. पीएमटी आणि पीसीएमटी 2007 मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, तरी तो परतला नाही. जानेवारी 2019 मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध पुणेरी पगड्या घालून मोर्चा निघाला, तेव्हा स्वतंत्रतेचा अर्थ किती आकसला आहे हे दिसले. ज्या गाडीने स्वातंत्र्य दिले, तिनेच सार्वजनिक जबाबदारीतून सुटण्याची सवयही लावली.

म्हणून निवाडा दोन भागांत द्यावा लागतो. इथल्या यंत्रकौशल्याचा टप्पा म्हणून पल्सर श्रेष्ठ. पण ती नसती तर तिची जागा दोन-चार वर्षांत दुसऱ्या कोणीतरी घेतली असती. लूना नसती, तर अनेक बायकांचे घराबाहेर पडणे बसच्या वेळापत्रकावर किंवा नवऱ्याच्या सवडीवर आणखी बराच काळ अडून राहिले असते. व्याख्येत बसत नसली, तरी पुण्याने घडवलेली सर्वांत महत्त्वाची मोटारसायकल तीच. ज्या यादीत तिला जागा नाही, त्या यादीचे निकष तपासायला हवेत.