कोरा कागद आणि समुद्र

मंडळी, मंठ्यापासून समुद्र लांब. आपल्यापैकी बहुतेकांनी तो आधी चित्रात पाहिला, प्रत्यक्षात नंतर. म्हणून किनारा रंगवणाऱ्याने काय दाखवलं आणि काय सोडलं, हे आपण जरा बारकाईने बघायला हवं.

एडवर्ड लियर घ्या. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून हा इंग्रज चित्रकार नोव्हेंबर 1873 मध्ये मुंबईला उतरला. वय 61. वर्षभर हिंदुस्थान फिरला, 1874 मध्ये मलबारचा किनाराही पाहिला. त्याची पद्धत बघा. जागेवर पेन्सिलीने भरभर रेखाटन. त्यावरच ठिकाण, तारीख, वेळ, आणि कुठे कोणता रंग ते शब्दांत. शाईची रेघ आणि जलरंग नंतर, सवडीने.

जलरंगात उजेड बहुधा कागदाचाच असतो. लाटेवरची चमक म्हणजे कुंचला जिथे लागला नाही ती जागा. वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला. तो इथे चक्क डोळ्यांना दिसतो. पण त्यात एक अट आहे. अभाव कशाचा, तो प्रतियोगी ठाऊक हवा. घडा कधी पाहिलाच नसेल, तर ‘जमिनीवर घडा नाही’ हे कळणार कसं?

इथेच लियरची पूर्ण केलेली निसर्गचित्रं मला खटकतात. दूरवर पसरलेला देखावा, सुंदर झाडं, आणि माणसं चिमुकली, झाडाचं माप कळावं इतपत. जाळं ओढणाऱ्याचा दम त्यात येत नाही. ज्याला कोळीवाडा ठाऊक नाही, त्याला ही उणीव जाणवतही नाही. चित्र भरलेलंच वाटतं. कच्ची रेखाटनं त्या मानाने प्रामाणिक. रंग नाही तिथे शब्द लिहिलेला आहे, म्हणजे काय राहिलंय ते कागदच सांगतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात अशी पुष्कळ रेखाटनं जपलेली आहेत.

कुणी म्हणेल, निसर्गचित्रकाराकडे कोळी मागणं हा अन्याय आहे. मान्य. काय रंगवायचं, हा त्याचा अधिकार. पण पाहणाऱ्याचं काम त्यामुळे संपत नाही. फुटलेल्या कापसाचं पांढरंशुभ्र शेत कुणी रंगवलं आणि त्यात वेचणारी बाई नसली, तर तुम्ही लगेच विचाराल, बाई कुठंय? कारण तिला तुम्ही ओळखता. समुद्राच्या चित्रापुढे उभं राहायचं, तर तिथल्या माणसांची तेवढी ओळख आधी करून घ्यावी लागते.