‘ऑझ’ कथामालेचे उत्तराधिकारी लेखक : एक चिकित्सा

प्रस्तावना

लेखकाच्या निधनानंतर त्याची लोकप्रिय कथामाला अन्य लेखकांनी पुढे चालविण्याची प्रथा बालसाहित्यात विशेषत्वाने आढळते. अशा लेखनाकडे समीक्षा बहुधा अनुकरण म्हणून पाहते. एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाच्या ‘ऑझ’ कथामालेच्या आधारे या दृष्टिकोनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन

१९०० मध्ये सुरू झालेल्या या मालेत बॉम यांनी १४ कादंबऱ्या लिहिल्या. १९१० च्या कादंबरीत ऑझचा प्रदेश जगाला अदृश्य करून त्यांनी मालेला पूर्णविराम दिला होता. परंतु बालवाचकांचा आग्रह आणि आर्थिक विवंचना यांमुळे १९१३ मध्ये ते ऑझकडे परतले. म्हणजेच निर्मात्याच्या हयातीतच ही माला त्याच्या एकट्याच्या इच्छेची उरली नव्हती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रेली अँड ली या प्रकाशनसंस्थेने रूथ प्लमली थॉम्पसन यांच्याकडे लेखन सोपविले. १९२१ ते १९३९ या काळात त्यांनी दरवर्षी एक याप्रमाणे १९ कादंबऱ्या लिहिल्या. पुढे मालेचे चित्रकार जॉन आर. नील, जॅक स्नो, रेचल कॉसग्रोव्ह आणि मॅकग्रॉ मायलेकी यांच्या लेखनाने १९६३ पर्यंत ही संख्या ४० झाली.

थॉम्पसन यांची पहिली कादंबरी ‘द रॉयल बुक ऑफ ऑझ’ (१९२१) येथे निर्णायक ठरते. बॉम यांचे बुजगावणे एका शेतकऱ्याने पेंढा भरून उभे केलेले. त्याला कुळ नाही आणि त्याची थोरवी केवळ बुद्धीची. थॉम्पसन यांनी त्याला वंशवृक्षाच्या शोधात धाडले आणि तो पूर्वजन्मीचा सम्राट असल्याचे दाखविले. अखेरीस तो सिंहासन नाकारून ऑझला परततो, हे खरे. तथापि कुळाचा प्रश्न मूळ कृतीत नव्हता, तो उत्तराधिकारी लेखिकेने आणला. त्या सम्राटाच्या बेटावरील प्रजेचे चित्रण चिनी लोकांचे तत्कालीन विडंबन आहे. पुढील ‘कबुम्पो इन ऑझ’ (१९२२) मध्ये राजपुत्राचा विवाह कथेच्या केंद्रस्थानी येतो. डोरोथीसारख्या मुलींच्या स्वतंत्र भ्रमंतीवर उभ्या असलेल्या मालेला मिळालेले हे वेगळे वळण होय.

याउलट जॅक स्नो यांनी १९४६ व १९४९ च्या आपल्या दोन कादंबऱ्यांत थॉम्पसन यांची पात्रे टाळून बॉम यांच्या ऑझशीच नाते जोडले. हेही निष्ठेपलीकडचे, एका पूर्वसूरीला वगळणारे, वाङ्मयीन मत आहे.

येथेच कर्तृत्वाचा प्रश्न गंभीर होतो. ‘रॉयल बुक’ संपूर्णतः थॉम्पसन यांचे असूनही ते बॉम यांच्या नावे प्रसिद्ध झाले. थॉम्पसन यांचा उल्लेख केवळ विस्तार व संपादन करणारी म्हणून झाला. परिणामी लेखिकेचे श्रेय झाकले गेले, आणि तिच्या पुस्तकातील वांशिक विडंबन दिवंगत लेखकाच्या माथी आले. बालवाचकाला मात्र या अदलाबदलीची कल्पना नव्हती.

निष्कर्ष

ऑझच्या उत्तराधिकारी लेखकांनी मूळ कृतीचा केवळ विस्तार केला नाही. तिच्यातील काय जपावे आणि काय बदलावे, याचा निर्णयही केला. त्यामुळे अशा लेखनाचे मूल्यमापन मूळ लेखकाशी असलेल्या साम्यावरून करणे अपुरे ठरते. या निर्णयांची तपासणी आवश्यक आहे. तिची पहिली अट म्हणजे मुखपृष्ठावर खऱ्या लेखकाचे नाव असणे. बालवाङ्मयालाही ही अट तितक्याच काटेकोरपणे लागू केली पाहिजे.