‘आफ्रिकन सिक्लिड’ नावाचा मासा नसतो

फिशटँकच्या दुकानात काउंटरमागे एक लॅमिनेट केलेला तक्ता लटकत असतो. तुम्ही पाहिला असेल, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी आला असेल. उभ्या आणि आडव्या बाजूला माशांची नावं, मधे रंगीत चौकटी. हिरवी म्हणजे खुशाल एकत्र ठेवा, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे नाद सोडा. माझा या तक्त्यावर राग आहे. तो का आहे, हे आज सविस्तर सांगते.

निमित्त घरचंच आहे. ओतूरला आमच्या आळीतल्या अकरावीतल्या एका मुलाने पुण्याहून सहा ‘मल्टी’ आणले. पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. नावापेक्षा मासा लहान. दोन फुटी टाकी, तळाला वाळू, वाळूवर शंख. मासे सगळा वेळ तळाशीच असतात, त्यामुळे वरची टाकी रिकामी दिसते आणि घरचे विचारतात, ‘एवढ्या पाण्यात मासे कुठेत?’ म्हणून त्याला सोबती हवे होते. तक्त्यात ‘आफ्रिकन सिक्लिड’ विरुद्ध ‘आफ्रिकन सिक्लिड’ ही चौकट हिरवी होती. त्याचा प्रश्न सरळ होता: मग यातला कुठलाही चालेल ना?

याच हिरव्या चौकटीत फ्रंटोसा बसतो. तोही आफ्रिकन सिक्लिड, तोही मल्टीच्याच टांगानिका सरोवरातला. वाढून फूटभर होतो आणि लहान मासे गिळतो. मलावी सरोवरातले पिवळे-निळे म्बुनाही त्याच चौकटीत, जे खडकावरचं शेवाळ खरवडून खातात आणि दिवसभर एकमेकांच्या मागे लागतात. मल्टीचा नर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, मादी त्याहून लहान. ‘आफ्रिकन सिक्लिड’ ही ओळ म्हणजे ‘भारतीय सस्तन प्राणी’ अशी ओळ करून बिबट्या आणि शेळीला एका चौकटीत घालण्यासारखं आहे. जुन्नरच्या माणसाला यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

पण ओळी बारीक केल्या, प्रत्येक जातीला स्वतंत्र रकाना दिला, तर तक्ता सुधारेल का? थोडा सुधारेल. माझा मूळ आक्षेप मात्र तिथेच राहील. ‘जमतं’ किंवा ‘जमत नाही’ हा दोन जातींचा गुणधर्म आहे, असं हा तक्ता गृहीत धरतो. संशोधनात जे दिसतं ते वेगळं आहे: जमणं ठरतं ते जागेवर, वेळेवर, पाण्यावर आणि शेजारी आणखी कोण आहे यावर.

जागेपासून सुरुवात करू. टांगानिका सरोवराच्या तळावर निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख साचलेले असतात, पाच-सहा सेंटिमीटरचे. पाणी अल्कधर्मी आणि कार्बोनेटयुक्त असल्याने ते सहजी विरघळत नाहीत. काही ठिकाणी त्यांचे थरच्या थर आहेत. (आपल्याकडे तळ्याकाठी सापडणारी बेलामिया ही गोगलगाय निओथॉमाच्याच कुळातली. लांबची भावकी म्हणा.) या शंखांत मल्टी राहतात, अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. शंखाखालची वाळू तोंडाने उचलून बाजूला टाकतात आणि अख्खी वस्ती खणून काढतात. त्यांचं सगळं भांडण वीतभर जमिनीचं आणि त्यावरच्या शंखाचं असतं. डोक्यावरून कोण पोहत गेलं, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही.

आता त्याच सरोवरातला लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस बघा. याची मादीही शंखातच अंडी घालते, म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने ‘शंखवासी’. पण याचा नर मादीच्या सरासरी बारापट वजनाचा असतो. कारण मोठं सुरस आहे: मादी शंखात मावायला हवी आणि नर शंख तोंडात धरून वाहून नेण्याइतका मोठा हवा. हे नर शंख गोळा करून ढीग लावतात आणि शेजाऱ्याच्या ढिगातले चोरतातही, कधीकधी आत मादी असतानाच. तेत्सू सातो यांनी १९९४ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. असा नर मल्टीच्या टाकीत सोडला, तर त्याच्या लेखी त्यांची घरं म्हणजे उचलून न्यायचा माल. दोघांना एकच वस्तू हवी आहे, हीच अडचण. राहणी जितकी सारखी तितकं चांगलं जमेल असं आपल्याला वाटतं. परिसंस्थाशास्त्रातला गॉस यांचा १९३४ पासूनचा धडा याच्या उलट आहे. अगदी एकाच संसाधनावर दोन जाती दीर्घकाळ सुखाने नांदत नाहीत. सरोवरात निदान पळून जायला जागा असते. दोन फुटी टाकीत कुठे जाणार?

मग एकाच जातीचे ठेवले की प्रश्न मिटला? तेही इतकं सोपं नाही. श्राडिन आणि लाम्प्रेख्ट यांनी २००० मध्ये मल्टीवरच एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. नवी मादी गटात आली की जुन्या माद्या तिला हुसकावायला बघतात. तेव्हा नर मधे पडतो आणि बहुतेक वेळा हल्ला करणारीलाच आवरतो. त्यामुळे नवी टिकून राहते. म्हणजे ‘मल्टी विरुद्ध मल्टी’ या चौकटीचा रंग तिसरा मासा तिथे आहे की नाही यावर बदलतो. उभी ओळ आणि आडवी ओळ असलेल्या कागदावर हा तिसरा लिहिणार कुठे?

तिसऱ्याचा मुद्दा जुनाच आहे. कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ च्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात सिक्लिडांच्या जोड्यांबद्दल लिहिलं आहे. दोन जोड्या काचेच्या पडद्याच्या अल्याडपल्याड ठेवल्या की नर काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर राग काढतात. काचेवर शेवाळ धरून शेजारी दिसेनासा झाला की तोच राग स्वतःच्या मादीवर निघतो. काच पुसली की घरात शांतता. लोरेन्झ यांची ‘राग आत साठत जातो’ ही उपपत्ती पुढे बरीच टीकेची धनी झाली, आणि मला ती टीका पटते. पण निरीक्षण टिकलं. अ‍ॅन रासा यांनी १९६९ मध्ये ते प्रयोगाने तपासलं, आणि त्यासाठी निवडलेला मासा दक्षिण भारतातला: एट्रोप्लस मॅक्युलॅटस, गोव्यातल्या ताटात येणाऱ्या कालुंदराचा धाकटा नातेवाईक. एकट्या ठेवलेल्या जोड्यांत आपसातली मारामारी जास्त आणि पिल्लांचं यश कमी. म्हणजे सोबती हा केवळ शोभेला वाढवलेला आकडा नसतो. तो आला की आधीच्यांची आपसातली नाती बदलतात. कधी चांगल्यासाठी, कधी वाईटासाठी.

तक्त्याला एका बाबतीत श्रेय देते. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, त्यांना एकत्र ठेवू नका, हे तो लाल रंगात बरोबर सांगतो. गोल्डफिशसारखे थंड पाण्यातले मासेही बरोबर वेगळे काढतो. नवख्याला तेवढ्याचाही उपयोग होतो.

पाण्याबद्दल मात्र तो गप्प असतो आणि इथेच मासे मरतात. टांगानिकाच्या पाण्याचा सामू ९ च्या आसपास. आमच्याकडे ठिबक असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला सामू आणि क्षार हे शब्द पाठ असतात; बोअरच्या पाण्याने ड्रिपर कसे चोंदतात, हे त्याने भोगलेलं असतं. ते जड पाणी मल्टीला चालतं. ‘माशांना चांगलं पाणी’ म्हणून आरओचा जार ओतणं हेच त्यांच्यासाठी वाईट. पण सामू जास्त असण्याची एक किंमत आहे. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया येतो. त्यातला काही भाग निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो, काही विषारी मुक्त अमोनियाच्या रूपात. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर विषारी भाग साधारण अर्धा टक्का. सामू ८ ला पाच टक्के. सामू ९ ला छत्तीस टक्के. तेवढीच घाण, विष साठपट! दोन फुटी टाकीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. त्यात ‘वर रिकामं दिसतं’ म्हणून दहा मासे वाढवलेत, तर ते एकमेकांना शिवलेही नाहीत तरी एका आठवड्यात सगळे झोपू शकतात. चौकट हिरवी ती हिरवीच.

आणि वेळ. सिनोडॉन्टिस ही ठिपक्यांची मिशीवाली मासळी ‘टांगानिकाचीच, शांत’ म्हणून विकली जाते. दिवसा ती खरंच शांत असते, दगडाखाली उलटी पडून. दिवे गेल्यावर ती अंडी आणि पिल्लं शोधत फिरते. दुकानदार दिवसा दुकान उघडतो, म्हणून तिची ख्याती दिवसाची.

आणखी एका रकान्याबद्दल बोलायलाच हवं: सकर. ‘काच साफ करतो’ म्हणून जवळपास प्रत्येक ओळीत त्याला हिरवा किंवा पिवळा. बोटाएवढा आणलेला हा मासा पुढे फूटभर होतो, टाकीत मावत नाही, मारवत नाही, आणि मग संध्याकाळी पिशवीत घालून कालव्यात किंवा धरणात सोडला जातो, पुण्य केल्यासारखा. असे सोडलेले सकर आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत पिल्लं काढत आहेत. परदेशी मासा एकदा पाण्यात रुजला की काय होतं, हे पुणे जिल्ह्याला नवं नाही. १९५२ मध्ये आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला गेला; उजनीच्या जाळ्यात येणारी चिलापी ही त्याच घराण्यातली. तीही सिक्लिडच, बरं का. न जमलेल्या सोबत्याचं पुढे काय करायचं, यासाठी तक्त्यात रकाना नाही. विकत घेताना दुकानदाराला विचारून ठेवा की परत घेशील का. नाही म्हणाला तर घेऊ नका.

त्या मुलाला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. दोन फुटी टाकीत मल्टीला सोबती नको. मल्टीच असू देत. वर्षभरात ते स्वतःच वस्ती वाढवतील. चार फुटी टाकी असेल, तर वरच्या पाण्यात राहणारा सायप्रिक्रोमिसचा थवा विचारात घेता येतो, कारण त्याला शंखही नको आणि वाळूही नको. तो पाण्यातले बारीक जीव टिपतो आणि पिल्लं तोंडात वाढवतो. एका कोपऱ्यात दगड रचून ज्युलिडोक्रोमिसची जोडी ठेवता येईल, पण दगड आणि शंख यांच्यात मोकळी वाळू हवी. अल्टोलॅम्प्रोलोगस घ्यायचा तर तो पिल्लं खाणार हे मान्य करून घ्यायचा. काही जण वस्ती आटोक्यात ठेवायला मुद्दाम घेतात, आणि तो प्रामाणिक व्यवहार आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर शंखांवर करा. माशांच्या दुप्पट-तिप्पट शंख ठेवा, म्हणजे हाकललेल्याला दुसरं दार मिळतं. शेतातले शंखी गोगलगायीचे शंख उचलू नका. त्या मारायला विषारी आमिष टाकलेलं असतं. शंख उकळून, धुऊन, तोंड वर करून वाळूवर टाका आणि हात काढून घ्या. कुठला कुठे पुरायचा, ते मासे ठरवतील. रात्री दिवा मालवून अर्ध्या तासाने मंद उजेडात एकदा बघा, कोण शंखात आहे आणि कोण कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी अंग चोरून उभा आहे. तसा एखादा रोजच दिसत असेल, तर आधी पाणी तपासा; पाणी ठीक असेल तर आणखी चार शंख टाका आणि आठवडाभर थांबा.