पूल टिकला, पाट हरवला : पाँ द्यू गारच्या जतनाची चिकित्सा

दक्षिण फ्रान्समधील पाँ द्यू गार हा रोमन स्थापत्याचा सर्वपरिचित नमुना होय. रोमन जलव्यवस्थेचा विषय निघाला की बहुधा याच तीन मजली कमानींचे छायाचित्र पुढे केले जाते. या छायाचित्राने एक गैरसमज रूढ केला आणि जतनाच्या धोरणानेही तो पोसला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाँ द्यू गार ही स्वतंत्र वास्तू नव्हे. युझेसजवळील झऱ्यांचे पाणी नीम नगरास पुरविण्यासाठी बांधलेल्या सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीचा तो एक भाग आहे. पूर्वी या बांधकामाचे श्रेय ऑगस्टसचा सहकारी अग्रिप्पा यास दिले जात असे; उत्खननातील पुराव्यानंतर आता ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याकडे नेले जाते. या दोन स्थळांमधील सरळ अंतर जेमतेम २० किलोमीटर. परंतु टेकड्यांना वळसा घालत वाहिनी अडीचपट लांबली. एवढ्या वाटेत एकूण उतार सुमारे १२.६ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी २५ सेंटिमीटर! रोमन अभियंत्यांचे खरे कौशल्य या उतारात आहे. गार्दों नदीवरील ४९ मीटर उंचीचा सेतू हा त्या उताराचा केवळ एक टप्पा. वाहिनीचा बहुतांश मार्ग जमिनीखालून जातो आणि छायाचित्रात येत नाही.

या वाहिनीचा इतिहास तिच्या आतील भिंतींवर साचलेल्या क्षारथरांत वाचता येतो. झऱ्याचे पाणी चुनायुक्त असल्याने थरावर थर चढत गेले आणि पाण्याची वाट अरुंद होत गेली. थर खरवडले जात होते तोवर प्रवाह टिकला; चौथ्या शतकानंतर देखभाल ढासळली आणि कालांतराने पाणी बंद झाले. पुढे या घट्ट थरांचे तुकडे काढून परिसरातील लोकांनी ते बांधकामात दगड म्हणून वापरले. नगराच्या उदयास्ताची ही नोंद अशी भिंतींत चिणली गेली.

सेतू मात्र टिकला, आणि तो पाण्यामुळे नव्हे तर रहदारीमुळे. गाड्यांना वाट मिळावी म्हणून दुसऱ्या मजल्याचे खांब एका बाजूने कोरण्यात आले. त्यामुळे सेतूला धोका निर्माण झाला, पण त्याची उपयुक्तताही सिद्ध झाली. १७०३ मध्ये खांबांची दुरुस्ती झाली आणि १७४३ ते १७४७ या काळात आन्री पितो याने खालच्या कमानींना लागून रस्त्याचा पूल बांधला. (भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना हे नाव पितो नलिकेमुळे परिचित असेल. प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या या अभियंत्याने जलसेतूला जोड दिली ती रस्त्याची!) पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५५ ते १८५८ दरम्यान, शार्ल लेने याने झिजलेले दगड बदलून मोठे काम केले. १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सेतूचा समावेश झाला आणि २००० च्या सुमारास परिसरातून मोटारी हटविण्यात आल्या.

या प्रयत्नांचे मोल नाकारता येत नाही. १९५८ चा महापूर सेतूने सोसला, यातच त्याच्या बांधणीची साक्ष आहे. परंतु जतन झाले ते पाहण्याजोग्या भागाचे. ज्या वाहिनीसाठी सेतू उभारला, तिचे उर्वरित अवशेष शेतांत आणि झाडीत विखुरले आहेत. संपूर्ण ५० किलोमीटर जपणे व्यवहार्य नाही, हा आक्षेप रास्त आहे; तथापि संपूर्ण मार्ग एक वस्तू म्हणून समजून घेण्यास खर्चाची अडचण येत नाही. मुळात नावातच 'पूल' आहे, ही अडचण अधिक मोठी.

नीममध्ये या वाहिनीचे टोक आजही दिसते. १८४४ मध्ये सापडलेले ते वर्तुळाकार दगडी कुंड फारसे भव्य नाही. त्याच्या कडेला दहा गोल छिद्रे आहेत. त्यांतून शिशाच्या नळांद्वारे पाणी नगराच्या निरनिराळ्या भागांत जात असे.