निखातनिधीचें मोल : धातूचें कीं जागेचें ?

इंग्लंडांत सफोक परगण्यांतील होक्स्ने गांवीं १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधावयास त्याचा स्नेही धातुशोधक यंत्र घेऊन शेतांत गेला. हातीं लागलीं तीं रोमन काळचीं नाणीं, रुप्याचे चमचे व सोन्याचे अलंकार. अशा निधीची वार्ता सांगतांना त्याची किंमतच प्रथम सांगण्याची रीत पडली आहे. आमच्या मतें या शोधाचें महत्त्व निराळें आहे. पुढें द्रव्य दिसत असतांही त्या गृहस्थानें खणणें थांबविलें व अधिकाऱ्यांस वर्दी दिली.

दुसरेच दिवशीं पुरातत्त्वज्ञांनीं ती जागा पद्धतशीर खणली. त्यामुळें कुजून गेलेल्या लांकडी पेटीच्या खुणा मिळाल्या व कोणती वस्तु कोणत्या वस्तूपाशीं होती हें टिपतां आलें. सुमारें १५,००० नाण्यांपैकीं अगदीं अलीकडचीं इ. स. ४०७-०८ चीं असल्यानें निधि त्यापूर्वीं पुरलेला नव्हे, हें ठरलें. पुष्कळ रौप्यनाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत. सराफाच्या तराजूंत अशा नाण्याचें मोल उतरतें, इतिहासाच्या तराजूंत तें चढतें; कारण नव्या नाण्यांचा पुरवठा आटल्यावर ब्रिटनमध्यें चांदी कशी पुरवून वापरीत, याची साक्ष तें कातरणेंच देतें. निधींत मिरपुडीचीं चार रौप्यपात्रेंही आहेत. मिरीं हिंदुस्थानांतून जात. तेव्हां त्या दूरच्या शेताचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशीं संबंध पोंचतो.

याच्या उलट उदाहरण घरचेंच आहे. प्रवरातीरीं दायमाबाद येथें १९७४ सालीं झाडाचें मूळ खणतांना एका शेतकऱ्यास रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशीं चार धातुशिल्पें मिळालीं. त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु तीं थरांच्या क्रमानें केलेल्या उत्खननांत न मिळाल्यानें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत वाद माजला. शिल्पें राहिलीं, पण जागेची साक्ष अपुरी पडली.

आतां १८७८ चा निखातनिधीचा कायदा पाहूं. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडल्यास त्याचें स्वरूप, स्थळ व तारीख कलेक्टरास कळवावी, हें योग्यच आहे. न कळविणारास याज्ञवल्क्यानेंही दंड सांगितला आहे. परंतु सरकारनें निधि घ्यावयाचा झाल्यास धातूची किंमत व वर तिचा पांचवा हिस्सा द्यावा, या तरतुदींत मूळ दोष आहे. ज्या कायद्यास वस्तु म्हणजे केवळ धातूचें वजन, त्यानें शेतकऱ्यास मूस पेटविण्यापासून कसें परावृत्त करावें ? होक्स्नेच्या निधीबद्दल बाजारभावानें १७॥ लाख पौंड दिले गेले व शोधकानें त्यांत शेतकऱ्यास वांटा दिला.

बाजारभाव दिल्यास यंत्रें घेऊन शेतें उकरणारांचा लोभ वाढेल, हा आक्षेप निराधार नाहीं. म्हणूनच बक्षीस केवळ वस्तूस न जोडतां अस्पर्श राखलेल्या जागेस जोडावें. हंडा काढून आणणारास कमी, हंडा जागींच ठेवून वर्दी देणारास पूर्ण. असा नियम झाल्यास वडिलार्जित शेताचा धनी इतिहासाचा राखणदार होईल. तोंवर नांगरास हंडा अडखळल्यास नांगर तेथेंच थांबवावा, एवढी प्रत्येक जमीनधारकास आमची विनंती आहे.