‘असं कोणी बोलत नाही’ म्हणजे नेमकं कोण?

‘मी कालच ते पुस्तक वाचलो.’

हे वाक्य वाचताना अडखळलात का? अडखळला असाल, तर तुमचं घर बहुधा सोलापूरकडे नाही. आमच्याकडे ‘काम केलो’, ‘आंबा खाल्लो’, ‘पुस्तक वाचलो’ असं म्हणणारे रिक्षात, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत सहज भेटतात. सगळेच असं बोलतात असं नाही, पण ऐकून कुणी दचकत नाही. पुण्याचा मित्र मात्र हमखास विचारतो, ‘कशातून वाचलास?’

भाषावैज्ञानिक अशा वाक्यावर हसत नाहीत. ते वाक्याआधी एक छोटासा तारा छापतात. त्याचा अर्थ असा, की या भाषेत असं वाक्य होत नाही. हे कुणी ठरवलं? ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्याच्या कानाने. माझा आक्षेप ताऱ्याला नाही. तो निनावी छापला जातो, याला आहे.

आधी या पद्धतीची बाजू नीट समजून घेऊ. 1957 साली नोम चॉम्स्की यांचं ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ आलं. वाक्य अर्थहीन असूनही व्याकरणात चपखल बसू शकतं आणि बोलणाऱ्याला हा फरक कुणी न शिकवता कळतो, हा त्यातला गाजलेला मुद्दा. तेव्हापासून ‘हे वाक्य तुमच्या भाषेत होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर पुरावा म्हणून सर्रास वापरलं जातं. ते आवश्यकही आहे. लाखो वाक्यं रेकॉर्ड केली तरी लोक काय बोलतात एवढंच कळतं. जे कधीच ऐकू आलं नाही ते अशक्य आहे, की नुसतंच कुणी बोललं नाही, हे रेकॉर्डिंग सांगत नाही. ते कान सांगतो.

अडचण प्रश्नातच आहे. मराठीत तो विचारायचा कसा? ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ म्हटलं की समोरच्याला शाळेतला ‘वाक्य शुद्ध करून लिहा’ हा प्रश्न आठवतो. ‘शुद्ध’, ‘बरोबर’, ‘चालतं’, ‘कानाला खटकतं’ ही चार वेगळी उत्तरं आहेत, आणि पहिली दोन बाईंच्या लाल पेनाची आहेत. माझ्या एका सोलापुरी मित्राला मी ‘काम केलो’बद्दल विचारलं. ‘छे, चूक आहे ते. असं कोण बोलतं?’ थोड्या वेळाने चहाचे पैसे काढायला लागलो तर म्हणाला, ‘राहू दे बे, मी दिलो की!’

तो खोटं बोलत नव्हता. विल्यम लबॉव्ह यांना फिलाडेल्फियात हेच आढळलं होतं. इंग्रजीतला एक स्थानिक प्रयोग लोक साफ नाकारत, आणि तेच लोक बोलण्यात तो वापरत. कान आणि जीभ यांच्यामध्ये शाळा, लाज, नोकरीची मुलाखत एवढं सगळं उभं असतं. ज्याच्या बोलीला हसलं जातं, त्याच्या बाबतीत तर जास्तच.

आता त्या ताऱ्याखाली काय झाकलं जातं ते पाहा. शाळेत शिकवतात, की भूतकाळात कर्म असलं तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. हा कर्मणी प्रयोग. पण ‘मी डबा विसरलो’, ‘मी मराठी शिकलो’, ‘मी मॅच जिंकलो’ ही वाक्यं पुण्यातही बिनदिक्कत चालतात. तिथे क्रियापद कर्त्यामागे जातं. म्हणजे ‘विसरलो’ला मुभा आणि ‘वाचलो’ला तारा. सोलापुरी बोलणाऱ्याने मराठीबाहेरचं काही आणलेलं नाही. प्रमाण मराठीतच असलेली वाट त्याने रुंद केली आहे.

ती का रुंद झाली असेल? सोलापुरात मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू आणि दखनी नांदतात. तिन्हींत ‘मी पुस्तक वाचलं’ म्हणताना क्रियापद कर्त्याशी जुळतं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर वाचला जातो. एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहून कन्नड, उर्दू आणि मराठीची वाक्यरचना एकमेकींसारखी झाली, असं त्यांनी मांडलं. पुढे सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात पुन्हा अभ्यास करून ही मांडणी तपासली. ‘मराठीत असं होत नाही’ म्हणून तारा मारून मोकळे झालो, तर हा इतिहास विचारायचाच राहून जातो.

मग कानाचा पुरावा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. 2013 साली स्प्राऊस, शुट्झ आणि आल्मेडा यांनी एका नामांकित नियतकालिकातल्या दहा वर्षांच्या लेखांमधून इंग्रजी वाक्यं निवडली आणि सामान्य माणसांकडून तपासून घेतली. सुमारे 95 टक्के ठिकाणी अभ्यासकांचा कान आणि लोकांचा कान जुळला. पद्धत कच्ची नाही. पण इंग्रजीच्या पाठीशी अशी तपासणी आहे, म्हणून मराठीच्या प्रत्येक ताऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

शिवाय बोलीची बाजू घ्यायलाही हाच पुरावा लागतो. ‘काय करायलास बे?’ ‘जेवायलोय.’ हे आमचं रोजचं. ‘पाऊस पडायलाय’, ‘भूक लागायलीय’ हेही. पण ‘तो घरी असायलाय’? माझ्या कानाला हे साफ अशक्य वाटतं. प्रमाण मराठीत ‘तो घरी असत आहे’ जसं अशक्य, तसंच. म्हणजे ‘करायलोय’ हा गबाळेपणा नाही. कुठे लागायचं आणि कुठे नाही याचा त्याला नियम आहे, आणि कुणी कधी न बोललेल्या वाक्यावरूनच तो दिसतो. सोलापुरी बोलीतही तारे आहेत. ते ओळखायला सोलापुरी कान हवा.

वेगळ्या रीतीने विचारता येतं. डेक्कन कॉलेजच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात लोकांना छोटे व्हिडिओ दाखवून ‘काय झालं ते सांगा’ असं विचारलं. माणूस सांगण्यात गुंतला की लाल पेन विसरतो. आधी असं ऐकावं, मग कानाला विचारावं, आणि उत्तर छापताना तो कान कुठल्या गावचा, त्या घरात आणखी कोणत्या भाषा बोलतात, हेही छापावं. एका ओळीचं काम आहे.

तुम्हीही करून पाहा. ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’ असं घरच्यांना विचारून उत्तर लिहून ठेवा. मग फॅमिली ग्रुपवरचे त्यांचेच जुने व्हॉइस मेसेज ऐका. दोन्हींत फरक निघाला, तर घरच्यांना दुरुस्त करू नका. तो फरकच पुरावा आहे.