व्हीलचेअर पडद्यावर आली, सभागृहात कधी येणार?

आधीच्या वक्त्यांनी वेळ पाळलीय, मीही पाळायचा प्रयत्न करतो.

मागे एका महोत्सवात एका मित्राबरोबर माहितीपट बघायला गेलो होतो. मित्र व्हीलचेअर वापरतो. माहितीपटाचा विषय काय, तर अपंगांचं सार्वजनिक जीवन! आणि सभागृहाच्या दारात सात पायऱ्या. चार स्वयंसेवक धावत आले, त्यांनी त्याला खुर्चीसकट उचललं. एकाने मोबाइलवर फोटोही काढला. मित्र मला म्हणाला, "चला, माझा सिनेमा तर इथेच झाला." त्या पोरांचा दोष नव्हता. पण आत बसल्यावर पडद्यावर जे चाललं होतं, ते मला नीट बघता येईना. आज बोलायचंय ते या 'समावेशक' माहितीपटांबद्दल. ते महोत्सवात गाजतात, त्यांना 'सामाजिक परिणाम' घडवणारे म्हणून गौरवलं जातं. तर हा परिणाम नेमका कुणावर होतो?

यातला मला सर्वांत आवडलेला सिनेमा 'क्रिप कॅम्प'. 2020 च्या सनडान्स महोत्सवाच्या पहिल्या दिवशी तो दाखवला गेला आणि अमेरिकी माहितीपटांतलं प्रेक्षक पारितोषिक त्याने पटकावलं. 'क्रिप' म्हणजे आपल्याकडे 'लंगडा-पांगळा' म्हणून हिणवतात ना, तसला शब्द. तो त्यांनी स्वतःच उचलून छातीवर लावलाय. (आपल्याकडे उलटं झालं. वरून 'दिव्यांग' हा गोड शब्द आला, पायऱ्या तशाच राहिल्या.) दिग्दर्शक दोघं: निकोल न्यूनहॅम आणि जिम लेब्रेक्ट. लेब्रेक्ट स्वतः व्हीलचेअरवर असतो, व्यवसायाने ध्वनिसंयोजक, आणि किशोरवयात या शिबिराला गेलेला. म्हणजे कॅमेऱ्यामागचा माणूस पाहुणा नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागातलं कॅम्प जेनेड हे अपंग मुलांचं उन्हाळी शिबिर. 1971 मध्ये एका व्हिडिओ गटाने तिथे कृष्णधवल चित्रण केलं होतं, ते या सिनेमाला मिळालं. त्यात एक प्रसंग आहे. मुलं टेबलाभोवती बसून आईवडिलांबद्दल बोलताहेत. घरात एकांत मिळत नाही, सतत कुणीतरी डोक्यावर. एका मुलीची पाळी येते. तिचं बोलणं सहज कळण्यासारखं नाही, एकेक शब्द कष्टाने बाहेर पडतो. कुणी तिचं वाक्य पुरं करत नाही. कॅमेरा हलत नाही. सगळे थांबून राहतात. तिचं बोलून झाल्यावरच दुसरा मुलगा ते समजावून सांगतो. आपल्याकडच्या मालिकांत अपंग पात्राच्या तोंडी दोन वाक्यं आली की लगेच व्हायोलिन! इथे नुसती वाट बघणं आहे.

आणि हा सिनेमा हसवतो, हो. शिबिरात उवांची साथ येते, ती धमाल बघाच. डेनिस नावाची बाई आपली हकीकत सांगते: पोटात दुखत होतं, डॉक्टरांनी अपेंडिक्स काढलं, ते धडधाकट निघालं. झाला होता गुप्तरोग. अशा बाईचा कुणाशी शरीरसंबंध येऊ शकतो हे डॉक्टरांच्या डोक्यातच आलं नव्हतं! ती हे हसत सांगते आणि आपल्या पोटात गोळा येतो.

पुढे तीच मुलं मोठी होतात. 1973 च्या कायद्यात कलम 504 होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगांशी भेदभाव करता येणार नाही. पण त्याच्या नियमांवर सही होईना. एप्रिल 1977 मध्ये ज्युडी ह्यूमन आणि शंभरावर आंदोलक सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत घुसले आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथेच राहिले. फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून हातवाऱ्यांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ब्लॅक पँथर्सनी गरम जेवण पोचवलं. अखेर 28 एप्रिलला सही झाली. माझी तक्रार इथेच आहे. या उत्तरार्धात सिनेमा विजययात्रेच्या चालीने पळतो, संगीत चढतं, आणि ते टेबलाभोवतीचं थांबणं हरवतं.

आता याच सनडान्सची दुसरी गोष्ट. 2023 मध्ये तिथल्या परीक्षकांत मार्ली मॅटलिन होत्या, ऑस्कर मिळालेल्या कर्णबधिर अभिनेत्री. एका खेळात त्यांचं कॅप्शनचं यंत्र चाललं नाही. त्या उठल्या, आणि सोबतचे परीक्षकही उठून बाहेर पडले. यंत्र काय, कुणाचंही बिघडतं. पण सगळ्यांना दिसतील अशी कॅप्शन पडद्यावरच असती, तर यंत्र लागलंच नसतं. आपल्या गोव्याच्या इफ्फीत 2022 साली 'गांधी' आणि 'द स्टोरीटेलर' हे सिनेमे ध्वनिवर्णन आणि उपशीर्षकांसह दाखवले गेले. चांगलंच झालं. पण वेगळ्या विभागात! समावेश म्हणायचं आणि पंगत वेगळी मांडायची, हे आपल्याला चांगलंच जमतं.

पायऱ्या म्हणजे दगडाच्याच असतात असं नाही. 'रायटिंग विथ फायर' घ्या, दलित स्त्रियांनी चालवलेल्या बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'वरचा. 2021 मध्ये सनडान्सला त्याला प्रेक्षक पारितोषिक मिळालं, शिवाय चक्क 'बदल घडवणारा परिणाम' म्हणून परीक्षकांचं खास पारितोषिकही. घरात वीज नसलेली बाई मोबाइलवर बातमी करायला शिकते, ते चित्रण मला आजही आठवतं. ऑस्करच्या नामांकनापर्यंत तो पोचला. आणि सोहळ्याच्या काही दिवस आधी, मार्च 2022 मध्ये, खुद्द 'खबर लहरिया'ने जाहीर निवेदन काढलं: सिनेमा प्रभावी आहे, पण आम्ही एकाच पक्षाच्या बातम्यांमागे असल्यासारखं त्यात दिसतं, ते आमचं खरं चित्र नाही. दिग्दर्शकांना आपली निवड करायचा हक्क आहे, हे मला मान्य. पण खेड्यात उद्या पुन्हा बातमी आणायला याच बायकांना जायचंय. त्या निवडीची किंमत दिग्दर्शकाने नाही, त्यांनी मोजायची. 'परिणाम' मोजताना हा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

म्हणून मला पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ची आठवण होते. 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारात दहा जण गेले, त्या दुःखात विलास घोगरेंनी जीव दिला. तिथून चौदा वर्षं खपून केलेला हा तीन तासांहून लांब सिनेमा मुंबईच्या वस्त्यांमध्ये, ज्यांचा आहे त्यांच्यासमोर दाखवला गेला. तिथे प्रेक्षक परीक्षकच असतो, आणि त्याला बॅज लागत नाही.

एक चिठ्ठी आलीय: "सुरुवात कुठून करावी?" 'क्रिप कॅम्प'पासून करा. घरीच बघता येईल, पायऱ्या नाहीत. फक्त ते टेबल आलं की सिनेमा पुढे ढकलू नका. त्या मुलीचं बोलणं पूर्ण होऊ द्या.